स्कूटर निवडली मागच्या सीटवर बसून

२०२५ च्या भाद्रपदात मी पुण्यातल्या बऱ्याच शोरूम पालथ्या घातल्या आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य तेच ऐकलं. "मॅडम, ही बघा, एकदम हलकी आहे. लेडीजसाठी बेस्ट." मी कॉलेजपासून मोटरसायकल चालवतेय. आधी बाबांची स्प्लेंडर, मग २०१२ साली स्वतःच्या पगारातून घेतलेली पल्सर १५०. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी हे घाट तिच्यावरच झाले. स्कूटर मात्र आमच्या घरात कधी आलीच नाही. गाडी हलकी की जड हा माझा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं गिअरची गाडी चालवलेल्या माणसाने स्कूटरमध्ये नेमकं काय बघायचं, हे मला हवं होतं आणि ते सांगणारं कुणी शोरूममध्ये भेटत नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

स्कूटर घ्यायचं कारण आई. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ती वाईहून कायमची आमच्याकडे कोथरूडला आली. तिची फिजिओथेरपी एरंडवण्यात आणि भजनाचं मंडळ डहाणूकर कॉलनीत. नवऱ्याची कार सकाळी हिंजवडीला जाते ती रात्रीच परत येते, आणि एवढ्या जवळच्या अंतराला रिक्षावाले मान हलवून पुढे जातात. पल्सरवर तिला बसवायचा विचारच करता येत नव्हता. मागची सीट पुढच्यापेक्षा उंच, शेपटाकडे निमुळती. आई रोज साडी नेसते, त्यामुळे एका बाजूला पाय सोडूनच बसणार. उंची पाच फुटांच्या आतली. चढताना धरायला काहीतरी हवं, पाय टेकायला रुंद जागा हवी, आणि गुडघा जास्त न वाकवता बूड टेकता यायला हवं.

माझं लक्ष सुरुवातीला इंजिनाकडेच होतं. १२५ सीसीच घ्यायची हे मनात पक्कं होतं, कारण आमच्या महात्मा सोसायटीकडच्या चढावर दोन माणसं घेऊन ११० ची दमछाक होईल असं वाटत होतं. टीव्हीएसची एनटॉर्क चालवून बघितली आणि आवडलीही. मूठ पिळली की झेप घेते. पण एकामागून एक गाड्या चालवल्यावर लक्षात आलं की १२५ च्या स्कूटरांची ताकद साधारण आठ ते दहा हॉर्सपॉवरच्या टप्प्यातच असते. माझ्या पल्सरची चौदा-पंधरा. त्या आठ-दहाच्या आतल्या फरकाने नळ स्टॉपच्या सिग्नलला काय होणार आहे? तिथे सगळेच दहाच्या वेगाने सरकतात. इंजिनावरून स्कूटर निवडण्यात अर्थ नाही हे मला आमच्या मेकॅनिककाकांनी आणखी स्पष्ट करून सांगितलं.

कर्वे पुतळ्याजवळच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, माझी पल्सर पहिल्यापासून त्यांच्याच हातात. मी गेले तेव्हा ते कुणाची तरी जुनी ॲक्टिव्हा खोलून बसले होते. डाव्या बाजूचं लांबट झाकण काढलेलं, आत सगळीकडे काळी भुकटी. ती पट्ट्याची, म्हणजे रबरी बेल्टची झीज. काकांनी पुढची पुली उघडून त्यातले रोलर माझ्या तळहातावर ठेवले. छोटे, जाड बांगडीच्या तुकड्याएवढे गोल, पण प्रत्येकाला एका बाजूने सपाट घासलेला पट्टा पडलेला. "ताई, स्कूटरचा गिअरबॉक्स म्हणाल तर हाच," ते म्हणाले. इंजिनाचा वेग वाढला की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीची दोन तबकं एकमेकांजवळ येतात, मधला पट्टा वर चढतो आणि गाडीला आपोआप वरचा गिअर मिळाल्यासारखं होतं. मागच्या बाजूला क्लच असतो, तोही आपोआप. इंजिन पुरेसं फिरलं की त्याचे बूट, म्हणजे घासपट्ट्या, बाहेर फाकून भोवतालच्या भांड्याला घट्ट धरतात, वेग पडला की सुटतात. रोलर असे सपाट झाले की सरकायच्या ऐवजी अडकतात आणि गाडी मध्येच ओढ धरते, मध्येच सोडते. "हे सगळ्या कंपन्यांचं सारखंच. इंजिनं सगळ्यांची चांगली आहेत. तुम्ही चाक बघा. मागचं."

मागचंच का, ते मला तेव्हा पूर्ण उमगलं नाही. पण घरी येऊन पल्सरचं चाक आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरचं चाक शेजारी शेजारी बघितलं. पल्सरचं १७ इंची. स्कूटरचं पुढचं १२ आणि मागचं १० इंची. बाजारात खपणाऱ्या बऱ्याच स्कूटरांची हीच जोडी आहे, ॲक्टिव्हाची आणि सुझुकीच्या ॲक्सेसचीही. मोठं चाक खड्ड्याच्या तोंडावरून पुढच्या काठाला टेकतं, लहान चाक आत उतरतं आणि मग काठावर आपटून वर येतं. कर्वे रोडवर मेट्रोच्या खांबांलगत किंवा पौड रोडच्या कडेला ज्यांनी पावसाळ्यात गाडी चालवली आहे, त्यांना हा फरक मणक्यात माहीत आहे.

आणि इथे मोटरसायकलवाल्यांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. मोटरसायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, भार देतो, मांड्यांनी टाकी धरतो आणि सीटवरून अंग जरासं उचलतो. बसणारा धक्का पाय झेलतात. स्कूटरवर पाय पुढे, पायांखालच्या पाटावर असतात, गुडघे काटकोनात, मांड्यांमध्ये धरायला काहीच नाही. अंग उचलायला जागाच नसते. त्यामुळे मागच्या चाकाला बसलेला धक्का सीटमधून थेट कमरेत येतो. चालवणाऱ्याला समोरचा खड्डा दिसत असतो, तो निदान मनाने तयार असतो. मागे बसलेल्या माणसाला खड्डा दिसतही नाही. आणि स्कूटरवर मागचा माणूस बसतो तो बरोबर मागच्या चाकाच्या वर. काका जे "मागचं" म्हणाले, त्याचा अर्थ आई मागे बसणार असल्यामुळे माझ्यासाठी दुप्पट होता.

म्हणून मी ठरवलं की टेस्ट राईड मागे बसून घ्यायची. ज्या गाड्या मनात होत्या त्या सगळ्या रविवारी नवऱ्याला चालवायला लावल्या आणि मी मागे, आईसारखीच एका बाजूला पाय सोडून. शोरूमच्या पोरांना हे नवीन होतं. "मॅडम, तुम्ही चालवणार ना? मग मागे कशाला?" असं एकाने विचारलं. पण ज्याला कुणाला घरच्या वयस्कर माणसासाठी स्कूटर घ्यायची आहे, त्याने हे करून बघावं असं मी अगदी आग्रहाने सांगेन. पुढे बसून कधीच कळल्या नसत्या अशा गोष्टी मागे बसल्यावर लगेच कळल्या. एका गाडीचा धरायचा दांडा इतका मागे होता की हात पाठीमागे वळवून धरावा लागत होता. आईच्या खांद्याला ते झेपणार नाही. एकीची सीट मागून पुढे उतरती, ब्रेक लागला की माणूस पुढच्याच्या पाठीवर सरकतो. एकीची सीट इतकी रुंद की माझेही पाय पायपट्टीला नीट टेकेनात, आई तर लोंबकळतच राहिली असती. कागदावर सीटची उंची सगळीकडे ७६५ ते ७७५ मिलिमीटरच्या आसपास. तो आकडा चालवणाऱ्याच्या जागेचा असतो. मागची जागा किती उंच आणि किती रुंद, हे बसल्याशिवाय कळत नाही.

साडी गार्ड आणि पायपट्टी यांचंही सांगते. मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून आवरण, या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमाने दुचाकीला बंधनकारक आहेत. शोरूममध्ये त्या ॲक्सेसरीच्या यादीत फ्लोअर मॅट आणि टेफ्लॉन कोटिंगच्या शेजारी लिहिलेल्या दिसतात, म्हणून नीट बघून घ्याव्यात. आईसाठी हेल्मेटही तेव्हाच बघितलं. मागच्यालाही ते सक्तीचंच आहे. तिचा अंबाडा मानेवर खाली येतो, त्यामुळे मागून खोलगट कापलेलं, पण कान झाकणारं हेल्मेट शोधायला वेळ लागला. ते नीट बसलं तेव्हा तिने आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि "चालेल" म्हणाली.

लेकीचं म्हणणं पहिल्यापासून इलेक्ट्रिक. ती कॉलेजात आहे आणि तिच्या ग्रुपमध्ये निम्म्या जणांकडे एथर नाहीतर बजाजची चेतक. मी तिचं म्हणणं मनापासून तपासलं. खरं सांगायचं तर चालवायला मला त्याच गाड्या सगळ्यात जवळच्या वाटल्या. मोटरसायकलवर मूठ सोडली की इंजिन गाडीला मागे धरतं, त्या इंजिन ब्रेकिंगची सवय अंगात मुरलेली असते. इलेक्ट्रिक गाडीत मूठ सोडली की मोटरच उलटी वीज बनवते आणि गाडी तशीच मागे ओढल्यासारखी हळू होते. पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा हे मला जास्त ओळखीचं वाटलं. चेतकचं म्हणाल तर तिचं पत्र्याचं अंग हाताला भक्कम लागतं. २०२० च्या जानेवारीत ही गाडी पुण्यात आणि बंगळुरूत एकदमच विक्रीला आली होती, त्यामुळे इथे ती दिसतेही भरपूर. ३५ मालिकेत बॅटरी पाटाखाली गेल्याने सीटखाली ३५ लिटरची डिकी मिळते. एथरच्या रिझ्टाची सीट लांब आणि सपाट, आईला तर बसल्या बसल्या तीच आवडली. उतारावर पार्क केलेली गाडी मागे काढायला रिव्हर्सही आहे.

अडलं ते प्लगपाशी. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पार्किंग इमारतीच्या मागच्या अंगाला आणि मीटर सगळे पुढच्या जिन्याखालच्या खोक्यात. आमच्या मीटरवरून वायर ओढायची तर ती आठ जणांच्या खिडक्यांखालून जाणार. समितीकडे अर्ज दिला. सगळे चांगले लोक आहेत, कुणी नाही म्हणालं नाही, पण लोड वाढवायचा का, सगळ्यांसाठी एकत्र पॉइंट करायचे का, खर्च कुणी करायचा, असे रास्त प्रश्न निघाले आणि विषय वार्षिक सभेवर गेला. बॅटरी काढून घरात नेता येईल अशीही गाडी आहे, हीरोची विडा, पण बॅटऱ्या उचलून तीन जिने रोज कोण चढणार? रेंजची मला अजिबात काळजी नव्हती, आमचं दिवसाचं फिरणं कोथरूड-डेक्कन-कोथरूड. खाली प्लग असता तर मी आज इलेक्ट्रिक चालवत असते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पेट्रोलचा विचार करण्याचं मला तरी फारसं कारण दिसत नाही.

आता काळवेळाबद्दल थोडं, कारण २०२५ चं साल या बाबतीत वेगळं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू होणार होता. त्याच दिवशी घटस्थापना. मधले दोन आठवडे पितृपक्ष, म्हणजे पुण्यात एरवीही शोरूममध्ये शुकशुकाट, त्यात कर कमी होणार म्हटल्यावर चिटपाखरूही नाही. मला ते फार सोयीचं पडलं. एरवी टेस्ट राईड म्हणजे समोरच्या सरळ रस्त्याने पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत. पितृपक्षात मात्र "हो मॅडम, या फिरून" म्हणत किल्ली हातात देत होते. मी प्रत्येक गाडी चांदणी चौकाच्या चढावर नेली, उतारावरून खाली आणली, एक खराब रस्ता आणि एक अरुंद गल्लीतलं यू टर्न असं सगळं केलं. गाडी घ्यायची नसली तरी बघायला, चालवायला आणि भाव विचारायला पितृपक्षासारखा पंधरवडा नाही.

निवड झाली ती टीव्हीएसच्याच ज्युपिटर १२५ ची, डिस्क ब्रेकवाली. पहिलं कारण अर्थात चाक. हिला पुढे-मागे दोन्ही १२ इंची. मागे बसून मी त्याच खराब रस्त्यावरून गेले तेव्हा खड्डा लागला नाही असं नाही, पण कंबर आवळून धरावी लागली नाही. एनटॉर्कलाही १२ इंचीच आहेत, पण तिची मागची बैठक आईला नको झाली. दुसरं कारण मला आधी सुचलंही नव्हतं. या गाडीची पेट्रोलची टाकी पाटाखाली आहे आणि पेट्रोल भरायचं तोंड पुढे, हँडलखाली. पंपावर आईला उतरवावं लागत नाही, मलाही सीट उघडावी लागत नाही. टाकी ५.१ लिटरची, पल्सरच्या तुलनेत अगदीच लहान, त्यामुळे पंपावर जाणं वारंवार होतं आणि म्हणूनच ही सोय रोजच्या उपयोगाची. टाकी सीटखाली नसल्यामुळे तिथे ३३ लिटर जागा मिळते. त्यात हेल्मेट, आईची घडीची काठी आणि मंडईतली भाजी एकदम मावते. पाट सपाट आहे. दळणाचा डबा पायांत ठेवून गिरणीतून आणताना मला त्याची किंमत कळली. पल्सरवर तो डबा मी कधी नेऊच शकले नव्हते.

ॲक्सेसबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण ती मी जवळजवळ घेतली होती. चालवायला ती मला सगळ्यात गुळगुळीत वाटली, हलकी, तक्रार न करणारी. मी एकटीच वापरणार असते तर तीच घरात असती. मागच्या १० इंची चाकावर आई बसणार होती म्हणून सोडली.

भाव करताना एका ठिकाणी कोटेशनच्या कागदावर "हँडलिंग" नावाची एक ओळ आणि न मागितलेल्या ॲक्सेसरीजची एक मोठी रक्कम होती. मी म्हटलं, एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा, एवढंच वेगवेगळं लिहून द्या. दिलं नाही. मी उठले. दुसऱ्या शोरूमने शांतपणे सगळं फोडून लिहून दिलं, तिथे घेतली. विम्याचं लक्षात ठेवण्यासारखं: नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावाच लागतो, २०१८ पासून तसा नियम आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र १ वर्षाचा घेता येतो, आणि तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असं नाही. बाहेरून भाव काढून दाखवला की शोरूमचा भाव खाली येतो.

डिलिव्हरी दसऱ्याला घ्यायची नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी शोरूमसमोर हार, पेढे, नारळ आणि गाड्यांच्या रांगा असतात. गाडी नीट बघायला ना आपल्याला उसंत ना त्यांना. आईला मुहूर्त हवा होता. पण तिनेच तोड काढली. "नवरात्रातला कुठलाही दिवस चांगलाच की गं." म्हणून मधल्या एका दिवशी सकाळी गेलो. रंग, आरसे, दोन्ही किल्ल्या बघितल्या, चासी नंबर कागदाशी ताडला आणि टायरच्या बाजूवर कोरलेला चार आकडी शिक्का वाचला. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वर्षभर गोदामात पडलेली गाडी गळ्यात पडली नाही ना, हे त्यावरून कळतं. पूजा दसऱ्याला घरीच झाली. झेंडूची माळ स्कूटरला आणि पल्सरलाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. हाताला शिकवण्याचं.

मोटरसायकलवर डाव्या हाताशी क्लच असतो. थांबायचं म्हटलं की डावी बोटं आपोआप आवळली जातात, मेंदूला विचारतही नाहीत. स्कूटरवर त्याच जागी ब्रेक. आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून जोडब्रेक किंवा एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाल्यामुळे, जोडब्रेकच्या स्कूटरवर तो डावा ब्रेक मागच्याबरोबर पुढचं चाकही धरतो. म्हणजे क्लच समजून कुणी तो पूर्ण आवळला तर गाडी जागच्या जागी थबकणार, आणि मागे बसलेलं माणूस पुढे येऊन आदळणार. आईला बसवण्याआधी मी रोज पहाटे भुसारी कॉलनीतल्या रिकाम्या गल्ल्यांत एकटी चालवायचे. डाव्या हाताची दोनच बोटं ब्रेकवर, बाकीची मुठीवर. दोन बोटांनी अख्खा लिव्हर कचकन ओढला जात नाही. ही युक्ती मी प्रत्येक मोटरसायकलवाल्याला सांगेन. उजवा पायही बरेच दिवस पाटावर ब्रेक शोधायचा, पण त्याने कुणाचं नुकसान होत नाही.

संथ रहदारी ही दुसरी गोष्ट. मोटरसायकलवर हाफ क्लच धरून मुंगीच्या पावलाने गाडी सरकवता येते. स्कूटरचा क्लच आपल्या हातात नसतो. तो एका ठरावीक वेगाला पकडतो आणि तेव्हा गाडी जराशी हिसका देते. त्यावर उपाय म्हणजे मूठ किंचित पिळलेली ठेवायची आणि डाव्या ब्रेकने गाडीला हलकेच धरून ठेवायचं. तसंच यू टर्न घेताना. पल्सरवर यू टर्नला क्लच खेळवायची सवय असल्याने पहिल्यांदा मूठ पूर्ण सोडली जाते आणि वळणाच्या मध्यावर गाडीची ओढच जाते. ओढ राखून ब्रेकने आवरली की तीच स्कूटर रिक्षापेक्षाही कमी जागेत वळते.

उताराचं मी फार गंभीरपणे सांगते. चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना पल्सर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की झालं. स्कूटरला टाकायला गिअर नाही. वेग कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि मग ती नुसती घरंगळते, सगळा भार ब्रेकवर. शहरातल्या उताराला काही होत नाही. पण सिंहगडासारख्या लांब घाटात ब्रेक सतत धरून उतरलं तर ते तापतात, ड्रम ब्रेक तर जास्तच, आणि तापले की धरेनासे होतात. वेग वाढूच द्यायचा नाही, ब्रेक धरायचा-सोडायचा, दोन्ही हातांनी, आणि मध्ये थांबून गार होऊ द्यायचे. सिंहगडावर मी ही गाडी एकटीने नेऊन आणली, आईला घेऊन नाही.

हायवेलाही नेत नाही. कात्रज-देहूरोड बायपासवर नवले पुलाच्या बाजूला शेजारून ट्रक गेला की पल्सर तिच्या वजनाने उभी राहायची. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबरच टांगलेलं असतं, वजन मागे आणि खाली, पुढचं टोक हलकं. वाऱ्याचा झोत आला की हँडल हातात हलतं. मागे माणूस बसलं की पुढचा भाग आणखी हलका होतो. त्यासाठी मी मागच्या टायरची हवा दोन माणसांसाठी पुस्तकात दिलेल्या आकड्याला ठेवते, पंपावरचा मुलगा "चालतंय की" म्हणाला तरी.

आईचं म्हणाल तर ती आता शनिवारी मंडईलाही येते. दांडा डाव्या हाताने धरते, उजवा हात माझ्या खांद्यावर. खड्डा दिसला की मी "आई, खड्डा" म्हणते आणि ती तयार होते; ही सवय मागच्या सीटवर बसल्यामुळेच लागली. लेकीला अठरा पूर्ण झाली की ती विनागिअरचं लायसन्स काढणार आहे, आणि सोसायटीच्या सभेत प्लगचा विषय पुन्हा मांडायचा तिचा विचार पक्का आहे. तिच्या अर्जावर मी सही केली आहे.

पल्सर विकलेली नाही. तिला नवी एचएसआरपी पाटी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवून घेतली. पाऊस ओसरला की ताम्हिणीला तिच्यावरच जाते, आणि परत आल्यावर स्कूटरवर बसण्याआधी एकदा डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर ठेवून बघते. पल्सरची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तेव्हा फिटनेस करून तिची नोंदणी पुन्हा करून घेणार आहे.